बदली खेळाडूची बदली

डिसेंबर सरत आला की आमच्या ह्यूस्टनच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जुनी क्लिप हमखास फिरू लागते. अटलांटाचं स्टेडियम, १ डिसेंबर २०१८, अलाबामा विरुद्ध जॉर्जिया, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमधल्या एसईसी या गटाची फायनल. अलाबामाचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआ घोटा दुखावून बाहेर जातो. हंगामभर बाकावर बसलेला जेलन हर्ट्स आत येतो, सात गुणांची पिछाडी भरून काढतो आणि एक मिनिट चार सेकंद उरलेले असताना स्वतःच चेंडू घेऊन १५ यार्ड पळत एंड झोनमध्ये, म्हणजे गुण मिळवून देणाऱ्या शेवटच्या पट्ट्यात, शिरतो. ३५-२८. क्लिपखाली कुणीतरी लिहिलेलं असतं: ‘याला म्हणतात निष्ठा. नाहीतर आजकालची पोरं, जरा बाकावर बसवलं की पोर्टलमध्ये नाव टाकून मोकळी.’ (पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी.) मग अंगठे, जोडलेले हात, आणि आमच्यातल्या एका काकांचा ठरलेला शेरा: ‘श्रद्धा आणि सबुरी.’

क्लिप मलाही आवडते. मी ती किती वेळा पाहिली याचा हिशेब नाही. पण तिच्याखालचा मजकूर साफ चुकीचा आहे, कारण तो लिहिणारे गोष्ट अर्ध्यावर बंद करतात. त्या सामन्यानंतर दीड महिन्यातच हर्ट्सने अलाबामा सोडलं आणि तो ओक्लाहोमाला गेला. तिथे पुढच्याच हंगामात ३,८५१ यार्डांची फेक केली, १,२९८ यार्ड पळाला आणि हाइझमन ट्रॉफीच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या बक्षिसाच्या, मतदानात दुसरा आला. म्हणजे ज्याला ‘न गेलेला मुलगा’ म्हणून पोरांपुढे उभं केलं जातं, तो गेलेला मुलगा आहे. कॉलेजच्या खेळाडूला दुसरीकडे जाण्याची मोकळीक असावी की नाही, या वादात हर्ट्सला मोकळीकीच्या विरुद्ध साक्षीला बोलावतात. माझं म्हणणं असं की ही मोकळीक योग्यच आहे, आणि तिच्या बाजूने हर्ट्सइतका चांगला साक्षीदार दुसरा सापडणार नाही.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, कारण वादाचं मूळ खेळाच्या रचनेतच आहे. क्वार्टरबॅक हा हल्ल्याचा सूत्रधार. जवळपास प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू होतो. बाकीच्या जागांवर अदलाबदल चालू असते: दोन-तीन धावणारे, पाच-सहा झेलणारे, थकले की बाहेर. क्वार्टरबॅक मात्र एकच. क्रिकेटमध्ये सहाव्या नंबरच्या फलंदाजाला निदान क्षेत्ररक्षण तरी मिळतं. दुसऱ्या क्वार्टरबॅकला टोपी घालून मैदानाच्या कडेला उभं राहून हातवारे करून खुणा पोचवण्याचं काम मिळतं, आणि पहिल्याचा पाय मुरगळेल तेव्हाच मैदान. त्यात मुदत मोजकी: पाच वर्षांत चार हंगाम, हंगामात बारा ते सोळा सामने. एक वर्ष बाकावर गेलं की कारकिर्दीचा चौथा हिस्सा संपला. पद्माकर शिवलकर बेदीमागे वाट पाहत राहिले, भारताची टोपी कधीच मिळाली नाही, पण त्या वाट पाहण्यात मुंबईसाठी गोलंदाजी चालू होती. सत्तेचाळिशीपर्यंत खेळले, ५८९ बळी घेतले. त्यांच्या वाट पाहण्याची आठवण आपण हळहळत काढतो, पण ते वाट पाहत होते तेव्हा चेंडू त्यांच्या हातात होता. कॉलेजच्या दुसऱ्या क्वार्टरबॅकच्या हातात तोही नसतो.

मराठीत एक गंमत आहे. ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी उभा राहतो तो बदली, आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणं तेही बदली. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत काही वर्षं बदली होते. पाळी सुरू होण्याआधी दारात जाऊन उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कुणी आलं नाही तर साचा मिळायचा, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. आजी सांगायची, ते परत आले की पहिल्यांदा डबा हातात घेऊन वजनावरून ओळखायची की आज काम मिळालं की नाही. त्या बदल्यांना कुणी निष्ठावान म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. ते दारात उभे राहायचे कारण दुसऱ्या गिरणीच्या दारातही हेच होतं. पर्यायच नसताना एखादा माणूस उभा असेल, तर त्याच्या उभं राहण्याला गुण म्हणायचं का?

हा प्रश्न मनात ठेवून हर्ट्सची सुरुवातीची वर्षं पाहावीत. तो चॅनलव्ह्यूचा. आमच्या ह्यूस्टनच्या पूर्वेला, शिप चॅनलच्या काठी. रोज कामाला बेटाउनकडे जाताना आय-१० वरून मी त्या पाटीखालून जातो. दोन्ही बाजूंना टाक्या, चिमण्या, आणि वारा उलटा असला तर बंद काचेतूनही येणारा वास. वडील एव्हेरियन हर्ट्स तिथल्या हायस्कूलचे फुटबॉल कोच. मुलगा त्यांच्याच हाताखाली खेळला आणि २०१६ च्या जानेवारीत, सतरा वर्षांचा असताना, अलाबामाला दाखल झाला. सप्टेंबरमध्ये यूएससीविरुद्ध पहिल्या सामन्यात सुरुवात त्याने केली नव्हती. ती ब्लेक बार्नेटने केली होती. हर्ट्स नंतर आला, पहिल्याच डावात चेंडू हातातून सुटला, तरी त्याला ठेवलं, आणि सामना ५२-६ असा संपला. पुढच्या सामन्यापासून जागा हर्ट्सची. बार्नेट चौथ्या सामन्यानंतर अलाबामा सोडून गेला.

या बार्नेटवर कुणी क्लिप करत नाही. का? हर्ट्सला ज्या दिवशी जागा मिळाली त्याच दिवशी कुणाची तरी गेली होती. सतरा-अठरा वर्षांच्या पोरासाठी कोचने कराराचा, वचनाचा, ज्येष्ठतेचा विचार केला नाही. जो चांगला वाटला तो उतरवला. बरोबरच केलं. पण मग निष्ठा हा शब्द त्या इमारतीत पहिल्या दिवसापासून कुणी वापरत नव्हतं, हेही मान्य करायला हवं. तो वापरला जातो फक्त खेळाडू निघाला की.

त्या पहिल्या हंगामात हर्ट्स एसईसीचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. जानेवारी २०१७ मध्ये टॅम्पाला क्लेम्सनविरुद्धच्या राष्ट्रीय फायनलमध्ये दोन मिनिटं सात सेकंद उरलेले असताना त्याने ३० यार्ड पळून आघाडी मिळवून दिली होती. क्लेम्सनच्या डेशॉन वॉटसनने एक सेकंद शिल्लक ठेवून ती हिरावली, ३५-३१. एका सेकंदाने हुकलेलं विजेतेपद, तेही अठराव्या वर्षी. पुढच्या वर्षी पुन्हा फायनल, ८ जानेवारी २०१८, अटलांटा, समोर जॉर्जिया. मध्यंतराला अलाबामा १३-० ने मागे, हर्ट्सच्या आठ फेकींपैकी तीन पूर्ण, मिळून २१ यार्ड. कोच निक सेबनने दुसऱ्या अर्ध्यात टुआला उतरवलं. जादा वेळेत टुआने डिव्हॉन्टा स्मिथला ४१ यार्डांची फेक केली आणि अलाबामा २६-२३ ने जिंकलं. हर्ट्स साइडलाइनवर नाचत होता, टुआला मिठी मारत होता. तोवर अलाबामासाठी सुरुवात केलेल्या २८ सामन्यांपैकी २६ त्याने जिंकले होते आणि आता त्याची जागा गेली होती.

इथून पुढचं ग्रुपवर कुणी सांगत नाही. २०१८ च्या वसंतात त्याच्या वडिलांनी एका पत्रकाराला सांगून टाकलं की मुलाला जागा मिळाली नाही तर तो कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा मोकळा खेळाडू ठरेल. म्हणजे घरात जाण्याचा विचार होता, उघड होता. आणि ऑगस्टमध्ये हर्ट्स स्वतः पत्रकारांसमोर उभा राहिला आणि म्हणाला की अख्ख्या वसंतात, कोच धरून, कुणीही त्याला येऊन विचारलं नाही की तुला कसं वाटतंय. वीस वर्षांचाही न झालेला मुलगा, आवाज न चढवता हे बोलत होता. ते बोलणं मी क्लिपपेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे. ज्या निष्ठेचे आपण गोडवे गातो ती एकतर्फी होती, हे त्यानेच सांगून ठेवलेलं आहे.

मग तो का राहिला? इथे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पहिली हिशेबाची. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पदवी नसताना कॉलेज बदललं तर नव्या ठिकाणी वर्षभर खेळता येत नसे. पदवी हातात असेल तर लगेच खेळता यायचं. जानेवारी २०१८ मध्ये निघाला असता तर २०१८ चा हंगाम कुठेतरी नुसतं बसून काढावा लागला असता. राहिला, डिसेंबरमध्ये पदवी घेतली आणि जानेवारीत मोकळा झाला. म्हणजे बसायचं दोन्हीकडे होतंच. त्याने जिथे पदवी मिळत होती तिथला बाक निवडला. हे शहाणपण आहे, आणि मला ते सबुरीपेक्षा मोलाचं वाटतं.

दुसरी गोष्ट माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, आणि ती टाळणं अप्रामाणिक होईल. त्याच उन्हाळ्यात नवा नियम आला होता: चार सामन्यांपर्यंत खेळलं तर तो हंगाम मोजला जात नाही. हर्ट्स चार सामन्यांनंतर थांबला असता तर त्याचं एक वर्ष वाचलं असतं. तो थांबला नाही, राखीव म्हणून खेळत राहिला, आणि वर्ष खर्ची घातलं. क्लेम्सनच्या केली ब्रायंटने बरोबर उलट केलं. सुरुवात केलेल्या १८ पैकी १६ सामने जिंकलेला हा मुलगा. चार सामने झाल्यावर जागा ट्रेव्हर लॉरेन्स नावाच्या नवख्याला दिली गेली, आणि दोन दिवसांनी ब्रायंट निघाला. त्याच आठवड्यात सिराक्यूजविरुद्ध लॉरेन्स जखमी झाला आणि क्लेम्सनला चेस ब्राइसला उतरवून कसाबसा सामना वाचवावा लागला. तेव्हा हर्ट्सने संघासाठी काहीच दिलं नाही असं मी म्हणत नाही. त्याने वर्ष दिलं. पण देणगी तेव्हाच देणगी असते जेव्हा ती न देण्याची सोय असते. चार सामन्यांचा नियम होता म्हणून हर्ट्सचं राहणं मोठं ठरलं. दार बाहेरून कुलूपबंद असतं तर त्या राहण्याला आपण काय नाव दिलं असतं?

आणि कुलूप होतंच, फार वर्षं होतं. पोर्टल सुरू झालं ऑक्टोबर २०१८ मध्ये. त्याआधी दुसऱ्या कॉलेजच्या कोचशी नुसतं बोलायलासुद्धा आपल्या कॉलेजची परवानगी लागायची. २०१७ मध्ये कॅन्सस स्टेटच्या एका झेलणाऱ्या मुलाने जायचं म्हटलं, ३५ कॉलेजांची यादी दिली, आणि कोचने पस्तीसच्या पस्तीस नाकारली. गवगवा झाला तेव्हा कुठे सोडलं. २०१६ मध्ये अलाबामाच्याच मॉरिस स्मिथने पदवी घेतली होती, त्याला जॉर्जियाला जायचं होतं. सेबन आधी नाही म्हणाले, मग उन्हाळाभर वाद झाला. पदवी मिळालेल्या माणसाला त्याचं कॉलेज सांगतंय की तू अमुक ठिकाणी शिकायला जायचं नाहीस! हे ऐकून आपल्यातल्या किती जणांना आपली कंपनी आठवली असेल, त्याकडे मी शेवटी येतो.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे, कारण ते पोकळ नाहीत. सगळ्यात वजनदार मुद्दा असा की क्वार्टरबॅक घडायला वेळ लागतो आणि पळणारा मुलगा घडत नाही. झेलणारा कुठे वळेल हे त्याने वळण्याआधी कळावं लागतं. हे त्याच लोकांबरोबर शेकडो वेळा करून येतं. दर वर्षी नवं कॉलेज, नवी परिभाषा, नवे सोबती, मग मुरणार कधी? दुसरा मुद्दा अभ्यासाचा. कॉलेज बदललं की सगळे क्रेडिट बरोबर येत नाहीत, आणि पोर्टलमध्ये नाव टाकणाऱ्या पुष्कळांना नवी स्कॉलरशिप मिळतच नाही. जुनी गेली, नवी आली नाही. तिसरा पैशाचा. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव जाहिरातींत वापरू देण्याचे पैसे घेता येतात, आणि आता तर कॉलेजंही थेट पैसे देतात. त्यामुळे एप्रिल २०२५ मध्ये टेनेसीचा क्वार्टरबॅक निको इयामालेआव्हा पैशाच्या बोलणीतून बिनसल्यावर यूसीएलएला गेला. यूसीएलएचा हंगाम ३-९, म्हणजे तीन विजय आणि नऊ पराभव, असा गेला. ग्रुपवर ते आकडेही फिरले, अर्थातच.

मुरण्याचा मुद्दा आधी घेऊ. बाकावर माणूस मुरतो की आंबतो? २०१७ पासून २०२५ पर्यंत हाइझमन मिळवलेल्या क्वार्टरबॅकांची नावं मांडा: मेफील्ड, मरी, बरो, यंग, विल्यम्स, डॅनियल्स, मेंडोझा. सात. त्यांतला एकटा ब्राइस यंग आपल्या पहिल्या कॉलेजात राहिला, बाकीचे सहा बदली घेऊन आलेले. जो बरो ओहायो स्टेटला तीन वर्षं होता आणि सुरुवातीचा क्वार्टरबॅक कधीच झाला नाही. तो पदवी घेऊन एलएसयूला गेला नसता तर २०१९ चा तो अपराजित हंगाम झाला असता का? फसलेल्या बदल्या असंख्य आहेत, मान्य. पण फसलेली प्रतीक्षासुद्धा असंख्य आहे. ती दिसत नाही इतकंच, कारण बाकावर संपलेल्या माणसाची आकडेवारी नसते.

उलट उदाहरण टॉम ब्रेडीचं देतात. मिशिगनला ब्रायन ग्रीसीमागे बसला, नंतर ड्रू हेन्सनशी जागा वाटून घ्यावी लागली, तरी गेला नाही, आणि एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडला जाऊन पुढे या खेळातला सगळ्यात गाजलेला क्वार्टरबॅक झाला. किंवा ओहायो स्टेटचा कार्डेल जोन्स: २०१४ मध्ये तिसरा क्वार्टरबॅक, पुढचे दोघे जखमी, मग विस्कॉन्सिनला ५९-० आणि त्यानंतर अलाबामा, ओरेगन असे तीन सामने जिंकून राष्ट्रीय विजेता. सुंदर गोष्टी आहेत. पण लॉटरी लागलेल्याची मुलाखत घेऊन तिकीट घेण्याचा सल्ला द्यावा, तशातला हा प्रकार. आणि ब्रेडीने राहायचं ठरवलं तेव्हा जाण्याचा अर्थ वर्षभर बसणं असा होता, हे विसरायचं नाही.

सध्याचं आवडतं उदाहरण आर्च मॅनिंग. त्याची गोष्ट खास आहे, कारण ती दोन्ही बाजूंनी चुकीची वापरली जाते. आर्ची मॅनिंगचा नातू, पेटन आणि ईलायचा पुतण्या, टेक्सासला आला आणि क्विन युअर्समागे दोन हंगाम थांबला. २०२३ मध्ये दोन सामन्यांत दर्शन, २०२४ मध्ये युअर्स जखमी असताना दोन सामन्यांत सुरुवात. तेव्हा ग्रुपवर: ‘बघा, खानदानी मुलगा, कसा शांत बसलाय.’ मग २०२५ उजाडलं, टेक्सास इतिहासात पहिल्यांदाच एपी वृत्तसंस्थेच्या हंगामपूर्व यादीत अव्वल, आणि पहिल्याच सामन्यात कोलंबसला ओहायो स्टेटकडून १४-७ हार. दोन आठवड्यांनी यूटेपविरुद्ध ऑस्टिनमध्ये, स्वतःच्या घरात, लोकांनी हुर्यो उडवली. तेच लोक आता म्हणू लागले की दोन वर्षं बसून शिकला काय? नोव्हेंबरअखेर त्याने तोवर अपराजित असलेल्या टेक्सास ए अँड एमला हरवलं आणि नियमित हंगाम ९-३ वर संपवला, तेव्हा परत गोडवे. तीन महिन्यांत तीनदा निकाल फिरवणाऱ्यांनी मुलांना सबुरी शिकवावी, याला काय म्हणायचं?

पण मॅनिंगबद्दल खरा मुद्दा वेगळाच आहे. ज्याच्या आजोबांनी आणि दोन काकांनी एनएफएल गाजवलं त्याच्यासाठी वाट पाहण्याची किंमत जवळपास शून्य आहे. एक वर्ष गेलं तर आडनाव जात नाही. चॅनलव्ह्यूच्या कोचच्या मुलाचं वर्ष जातं तेव्हा ते खरंच जातं. आणि ज्या मुलाच्या मागे कोच बापही नाही त्याचं? सगळ्यांना एकच सबुरी सांगणारा माणूस हा फरक बघतच नाही. धीर धरायला पदरी काही असावं लागतं. ज्याच्या पदरी काही नाही त्याचा धीर म्हणजे त्याच्या खिशातून दुसऱ्याला दिलेलं बिनव्याजी कर्ज.

कोणाला दिलेलं? तर ज्यांना कधीच वर्षभर बसावं लागलं नाही त्यांना. डिसेंबर २००६ मध्ये एनएफएलमधल्या मायामी डॉल्फिन्सचे कोच असलेल्या निक सेबननी पत्रकारांना ठणकावून सांगितलं की आपण अलाबामाचे कोच होणार नाही. पुढच्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते अलाबामाचे कोच झाले होते. लिंकन रायली, ज्यांच्या भरवशावर हर्ट्स ओक्लाहोमाला गेला, ते नोव्हेंबर २०२१ मध्ये ओक्लाहोमा सोडून यूएससीला गेले. ब्रायन केली तेव्हाच नोटर डेमहून एलएसयूला. आणि २०२५ च्या नोव्हेंबरअखेर लेन किफिन, संघ ११-१ असताना, प्लेऑफ तोंडावर असताना, ओल मिस सोडून एलएसयूला. यातल्या कुणालाही नव्या ठिकाणी एक हंगाम टोपी घालून कडेला उभं राहावं लागलं नाही. हर्ट्स स्कॉलरशिपवर खेळत होता तेव्हा सेबनना वर्षाला सत्तर लाखांहून अधिक डॉलर मिळत होते. मला सेबनबद्दल आदर आहे; क्लिपमधल्या त्या अटलांटाच्या रात्री हर्ट्सबद्दल बोलताना त्यांचा गळा खरोखर दाटला होता. पण दाटलेल्या गळ्याने नियम बदलले नाहीत. ते कोर्टांनी बदलले: २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, खेळाडूंना मिळणाऱ्या लाभांवरच्या बंधनांविरुद्धच्या अल्स्टन खटल्यात, नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला, आणि वारंवार बदली घेणाऱ्यांवरचं बंधनही २०२३ च्या डिसेंबरात न्यायाधीशाने रोखल्यावरच पुढच्या एप्रिलमध्ये गेलं.

हेच सगळं बेसबॉलमध्ये पन्नास वर्षांपूर्वी होऊन गेलं आहे. करार संपला तरी खेळाडू त्याच क्लबाचा, क्लब विकेल तिथे त्याने जायचं, असा दंडक होता. सेंट लुइसच्या कर्ट फ्लडला १९६९ मध्ये न विचारता फिलाडेल्फियाला दिलं गेलं, त्याने जायला नकार दिला आणि खटला भरला. १९७२ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला, त्याची कारकीर्द संपली. १९७५ च्या डिसेंबरात लवादाने तो दंडक मोडला. मालक सांगत होते की खेळाडू मोकळे झाले तर बेसबॉल बुडेल, प्रेक्षक निघून जातील, कुणाला संघ आपला वाटणार नाही. बेसबॉल आजही चालू आहे, आणि मोकळीक आली म्हणून एकाच संघात आयुष्य काढणारे खेळाडू संपले नाहीत. आज फुटबॉलच्या वर्तमानपत्री रकान्यांत तेच वाक्य, फक्त चेंडूचा आकार बदलून, छापून येतं.

अभ्यासाच्या आणि पैशाच्या मुद्द्यांवर मात्र मी विरोधकांच्या बाजूला बऱ्यापैकी झुकतो. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या आजूबाजूला एजंट, मामा, ‘दादा’ गोळा होतात, आणि त्यातल्या कुणाला त्याच्या क्रेडिटची पर्वा नसते. पोर्टलमध्ये नाव टाकायला जानेवारीत दोन आठवड्यांची एकच खिडकी ठेवण्याचा नवा नियम बरा आहे. निदान वसंतात पुन्हा बाजार भरत नाही. पण पैशाचा गोंधळ थांबवायचा तर मोकळीक काढून घेणं हा उपाय नव्हे. जसा कोचचा करार असतो, मधेच गेला तर अमुक रक्कम भर, मधेच काढला तर अमुक रक्कम दे, तसा खेळाडूशी नोकरीचा उघड करार करा. कॉलेजंच तो टाळतात, कारण करार केला की मुलगा नोकर ठरतो आणि नोकर ठरला की त्याचे हक्क सुरू होतात. हक्क द्यायचे नाहीत आणि नोकराची निष्ठा मात्र हवी. गिरणीच्या मुकादमालाही हेच हवं असायचं.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला ते ‘सबुरी’वाले काका आले होते. १९९८ मध्ये एच-वनवर आलेले, पुण्याचे, अत्यंत सज्जन माणूस. त्या काळी एच-वनवर कंपनी बदलायची तर नवी मंजुरी हातात पडेपर्यंत नव्या ठिकाणी काम सुरू करता येत नसे. ऑक्टोबर २००० मध्ये कायदा बदलला आणि नुसता अर्ज दाखल झाला की जाता येऊ लागलं. काकांनी पहिली कंपनी सोडली ती नोव्हेंबर २००० मध्ये. हे त्यांनीच मला पूर्वी कधीतरी रंगवून सांगितलं होतं: प्रोजेक्ट नाही, पगार अर्धा, मालक म्हणायचा जातोस कुठे, व्हिसा माझ्याकडे आहे. मी चकलीची ताटली पुढे करत म्हटलं, ‘काका, तुमच्या त्या हर्ट्सच्या क्लिपखाली मी एकदा तुमच्या पहिल्या मालकाची गोष्ट टाकू का?’

काका हसले. म्हणाले, ‘अरे, आमचं वेगळं होतं रे. आम्हाला घर चालवायचं होतं.’ मग थोडा वेळ टीव्हीकडे बघत राहिले. फिलाडेल्फिया ईगल्सची मॅच चालू होती, हर्ट्स खेळत होता. त्यांनी बायकोला विचारलं, ‘हा फिलाडेल्फियाला कधी गेला गं?’